एकच जागा

फुटबॉलच्या संघात अकरा जणांना जागा असते. त्यातल्या दहा जागा एकमेकींत मिसळतात. उजवीकडचा बचावपटू गरज पडली तर डावीकडे खेळतो, मधल्या फळीतला माणूस मागे सरकतो, आघाडीचा खेळाडू कडेला जातो. ज्याला सुरुवातीच्या अकरात घेतलं नाही त्याला साठाव्या मिनिटाला उतरवता येतं आणि उरलेल्या अर्ध्या तासात एखादा गोल करून तो पुढच्या सामन्यावर हक्क सांगू शकतो. अकरावी जागा मात्र कशातच मिसळत नाही. गोलरक्षक एकच असतो. तो दमला म्हणून त्याला बसवत नाहीत, डावपेच बदलले म्हणून बाहेर काढत नाहीत. दुखापत किंवा लाल कार्ड आडवं आलं नाही तर तो नव्वद मिनिटं उभा असतो आणि पुढच्या शनिवारीही बहुधा तोच उभा असतो. २०१४ च्या विश्वचषकात कोस्टा रिकाविरुद्ध पेनल्टी शूटआउटच्या तोंडावर नेदरलँड्सच्या लुई व्हान गालने यास्पर सिलेसनला बाहेर बोलावून टिम क्रुलला उतरवलं. क्रुलने दोन पेनल्टी अडवल्या. या बदलाची आजही आठवण निघते, ती तो किती दुर्मीळ आहे म्हणूनच.

गोलरक्षकाच्या व्यवसायातलं जवळजवळ सगळं या एका साध्या हिशेबातून निघतं, असं मला वाटतं. त्याची उमेदवारी लांबते, त्याची खरी वर्षं तिशीनंतर येतात, त्याची चूक पुसली जात नाही आणि त्याच्या नशिबाचं दार बहुतेक वेळा दुसऱ्या कीपरच्या दुखापतीने उघडतं. या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी वाटतात, पण मूळ एकच आहे. मोठे क्लब साधारण तीन गोलरक्षक पदरी ठेवतात. विश्वचषकाच्या संघातही किमान तीन गोलरक्षक असावेच लागतात. खेळतो त्यातला एक. म्हणजे कुठल्याही शनिवारी जगातले बहुतेक व्यावसायिक गोलरक्षक खेळत नसतात. वाट पाहणं हा या व्यवसायातला अपघात नव्हे, तो त्याचा नेहमीचा दिनक्रम आहे.

एमिलियानो मार्टिनेझची गोष्ट यासाठी बारकाईने पाहावी. अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता या बंदराच्या गावातला हा मुलगा इंडिपेंडिएंटे क्लबच्या युवा संघातून २०१० मध्ये आर्सेनलला आला. वय सतरा, भाषा येत नाही, घर समुद्रापार. पुढची दहा वर्षं तो आर्सेनलचाच नोकर होता, पण खेळायला त्याला इतरांकडे पाठवत राहिले. ऑक्सफर्ड युनायटेड, शेफिल्ड वेन्सडे, रॉदरहॅम, वुल्व्ज, मग स्पेनमधला खेटाफे, परत येऊन रेडिंग. ही नावं सलग वाचली की भटकंती वाटते, पण प्रत्येक नावामागे नवं शहर, नवा प्रशिक्षक आणि पुन्हा कुणाच्या तरी मागचा नंबर होता. खेटाफेला तर पूर्ण मोसमात त्याच्या वाट्याला जेमतेम मूठभर सामने आले. दरम्यान आर्सेनलने एकामागून एक मोठे गोलरक्षक आणले. २०१५ मध्ये पेत्र चेक आला, २०१८ मध्ये जर्मनीहून बर्न्ड लेनो. त्यांतला कुणीही मार्टिनेझसाठी जागा करून देणार नव्हता, आणि तशी अपेक्षाही कुणी करू नये.

२० जून २०२० ला कोविडमुळे रिकाम्या पडलेल्या स्टेडियममध्ये आर्सेनल ब्रायटनशी खेळत होता. पूर्वार्धाच्या अखेरीस ब्रायटनचा नील मोपे लेनोला धडकला, लेनोचा गुडघा दुखावला आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. मार्टिनेझ उतरला. तो सामना आर्सेनल हरला. पण त्यानंतर उन्हाळाभर मार्टिनेझच खेळला आणि १ ऑगस्टला चेल्सीला हरवून एफए कप जिंकणाऱ्या संघाच्या गोलात तोच होता. दहा वर्षांत आर्सेनलकडून त्याने प्रीमियर लीगचे १५ सामने खेळले. त्यांतले नऊ त्या शेवटच्या काही आठवड्यांतले.

त्या नऊ सामन्यांकडे पाहताना एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लेनो पडला तेव्हा मार्टिनेझ तयार होता. सत्तावीस वर्षांचा, दहा वर्षं मागे राहिलेला माणूस मनाने केव्हाच निवृत्त झालेला असू शकतो. सरावाला वेळेवर येणारा, पगार घेणारा, पण आतून सुटलेला. मार्टिनेझ तसा झाला नव्हता. संधी कधी येणार ते माहीत नसताना, येईल याचीही खात्री नसताना, उद्याच येणार आहे अशा बेताने दहा वर्षं सराव करत राहायचं. यातली अवघड गोष्ट सातत्य ही आहे. धीर हा शब्द त्याला थोडा पुरत नाही, कारण धीर धरणारा माणूस हातावर हात ठेवूनही बसू शकतो.

सप्टेंबर २०२० मध्ये लेनो बरा होऊन परतला. पहिली जागा तुझीच, असं वचन आर्सेनल देईना, तेव्हा मार्टिनेझ अॅस्टन व्हिलाला गेला. पहिल्याच मोसमात त्याने लीगचे १५ सामने एकही गोल न खाता संपवले. २०२१ च्या जूनमध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, तो अर्जेंटिनाकडून पहिला सामना खेळला आणि महिन्याभरातच कोपा अमेरिकाच्या उपांत्य फेरीत कोलंबियाच्या तीन पेनल्टी त्याने अडवल्या. १८ डिसेंबर २०२२ ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेच्याही शेवटच्या क्षणी फ्रान्सचा रँडल कोलो मुआनी त्याच्यासमोर एकटा आला. मार्टिनेझने डावा पाय पसरला आणि चेंडू त्या पायावर आदळला. मेस्सीचं विश्वचषकाचं स्वप्न त्या एका पायाने वाचवलं. त्या पायामागे ऑक्सफर्ड, रॉदरहॅम आणि खेटाफेचा बाक आहे.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर ती फार गोड होते. एकच जागा म्हटल्यावर एकाचं येणं हे दुसऱ्याचं जाणं असतंच. त्या आर्सेनलच्या गोलाकडेच थोडा वेळ पाहत राहू. लेनो आला तेव्हा पेत्र चेकचे दिवस संपले. २०१९ च्या मे महिन्यात बाकू इथे युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात, आपल्याच जुन्या चेल्सीकडून १–४ अशी हार पत्करून चेक निवृत्त झाला. हाच चेक २००४ मध्ये चेल्सीत आला होता तेव्हा इंग्लंडमधल्या उत्तम गोलरक्षकांत गणल्या जाणाऱ्या कार्लो कुदिचिनीला बाकावर जावं लागलं होतं. त्या पहिल्या मोसमात चेल्सीने लीगमध्ये फक्त १५ गोल खाल्ले, मग कुदिचिनीला परत कोण विचारणार? मार्टिनेझ गेल्यावर लेनोला आपली जागा परत मिळाली, पण २०२१ मध्ये अॅरन रॅम्सडेल आला आणि लीगचे पहिले तीन सामने हरल्यावर लेनो बसला. दोन वर्षं रॅम्सडेलचं नाव स्टेडियमभर गाजलं. मग २०२३ मध्ये डेव्हिड राया आला आणि महिन्याभरात रॅम्सडेल बसला. राया स्वतः सोळाव्या वर्षी बार्सिलोना शहर सोडून ब्लॅकबर्नला आलेला, एकोणिसाव्या वर्षी साउथपोर्टकडून इंग्लिश फुटबॉलच्या पाचव्या पायरीवर खेळलेला. २०२५ मध्ये त्याचा राखीव म्हणून आर्सेनलने केपा अरिझाबलागाला आणलं. हा केपा जगातला सर्वांत महागडा गोलरक्षक. २०१८ मध्ये चेल्सीने त्याच्यासाठी आठ कोटी युरो मोजले होते. दोन वर्षांत त्याची जागा एद्वार मेंदीने घेतली. बाविसाव्या वर्षी शेरबुर्ग या फ्रान्सच्या छोट्या क्लबचा करार संपल्यावर मेंदी वर्षभर बेकार होता.

केपा आणि मेंदी यांच्यात गुणवत्तेचं एवढं अंतर कधीच नव्हतं. अंतर होतं ते जागेचं, आणि त्या जागेवर त्या आठवड्यात कोण होतं याचं. गोलरक्षकाच्या कारकिर्दीला शिडी म्हणणं त्यामुळे मला पटत नाही. शिडीवर खालच्या पायरीवरचा माणूस आपल्या पायांनी वर चढतो. इथे वरचा माणूस हलल्याशिवाय खालच्याला हालचाल नाही, आणि तो कधी हलेल हे दोघांच्याही हातात नाही.

यातून दोन कीपरांमध्ये जे नातं तयार होतं ते खेळातलं फार विलक्षण नातं आहे. रोज सकाळी संघ एकीकडे सराव करतो आणि गोलरक्षक आपल्या प्रशिक्षकाबरोबर मैदानाच्या एका कोपऱ्यात. एकमेकांना चेंडू मारायचे, एकमेकांनी अडवायचे. सामन्याच्या आधी प्रेक्षक जागा शोधत असतात तेव्हा पहिल्या गोलरक्षकावर फटके मारून त्याचे हात गरम करून देतो तो राखीव गोलरक्षकच. ज्याला ती जागा हवी आहे तोच ती जागा असलेल्याला तयार करून पाठवतो, आणि हे काम त्याने मनापासून केलं नाही तर सगळा संघ बुडतो. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसलेला शिष्य आपण पाहतो. वर्षानुवर्षं तो मागे बसतो, स्वर धरून ठेवतो. पण गुरू त्याला मधूनच एखादी तान घ्यायला खूण करतो, आणि त्याने पुढे यावं अशी गुरूचीच इच्छा असते. राखीव कीपरला कुणी खूण करत नाही. पुढचा माणूस त्याचा गुरू नसतो, कधीकधी तर वयाने लहान असतो.

स्कॉट कार्सनचं नाव अनेकांना ठाऊक नसेल. २००५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी लिव्हरपूलच्या इस्तंबूलमधल्या चॅम्पियन्स लीगच्या अद्भुत विजयाच्या वेळी तो बाकावर होता. बाविसाव्या वर्षी, २१ नोव्हेंबर २००७ ला, वेम्ब्लीवर त्याला इंग्लंडने क्रोएशियाविरुद्ध उतरवलं. आठव्या मिनिटाला निको क्रान्यचारचा लांबून आलेला फटका त्याच्या हातून सुटून गोलात गेला. इंग्लंड २–३ हरला आणि २००८ च्या युरो स्पर्धेला मुकला. पुढे तो खालच्या क्लबांतून इमानाने खेळत राहिला आणि २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीत तिसरा गोलरक्षक म्हणून आला. सहा वर्षांत तो सिटीकडून दोन सामने खेळला. त्यांतल्या पहिल्यात, न्यूकॅसलविरुद्ध, त्याने पेनल्टी अडवली, पण उलटून आलेल्या चेंडूवर गोल झालाच. या सहा वर्षांत सिटीने जवळपास सगळं जिंकलं आणि कार्सनला संघात ठेवण्याचा करार पुन्हा पुन्हा वाढवला. दोन सामन्यांसाठी कुणी सहा वर्षं पगार देत नाही. जगातल्या उत्तम आघाडीवीरांना रोज सकाळी नेम धरून मारायला एक खराखुरा गोलरक्षक समोर लागतो, तरुण कीपरांना वाईट दिवशी बोलायला कुणीतरी लागतं. हे काम मोजता येत नाही, म्हणून ते कुठल्याच तक्त्यात नसतं. तरीही मी त्याला यशस्वी कारकीर्दच म्हणेन.

आता मैदानात जाऊ. कारण बाकावरची ही प्रतीक्षा आणि प्रत्यक्ष सामन्यातलं गोलरक्षकाचं काम यांची जात एकच आहे. संघ जितका चांगला तितकं गोलरक्षकाचं काम कमी, आणि म्हणून अवघड. दुबळ्या संघाच्या कीपरकडे दर पाच मिनिटांनी चेंडू येतो, त्याचं अंग गरम राहतं, लक्ष उडायला वेळच नसतो. बलाढ्य संघाच्या कीपरकडे पहिला फटका दहाव्या मिनिटाला येतो आणि दुसरा पंचाऐंशीव्या. मधल्या सव्वा तासात तो रिकामा नसतो. चेंडू उजवीकडे गेला की तो दोन पावलं उजवीकडे, पुढे गेला की तो पुढे, बचावपटूंना ओरडून जागेवर आणणं चालूच. हे सगळं प्रेक्षकाला दिसत नाही. ज्या फटक्यापर्यंत त्याला झेप घ्यावी लागली नाही, कारण तो आधीच तिथे उभा होता, त्याला टाळी पडत नाही. मग पंचाऐंशीव्या मिनिटाला एक चेंडू येतो आणि त्या अर्ध्या सेकंदात सगळं ठरतं. आठवड्यातून एकदा नव्वद मिनिटांत जे घडतं तेच कारकिर्दीच्या वीस वर्षांत मोठ्या मापाने घडतं. न वापरली जाणारी तयारी टिकवून धरायची.

ही तयारी शरीरापेक्षा नजरेची असते, म्हणूनच गोलरक्षक उशिरा पिकतो आणि उशिरापर्यंत टिकतो. जियानलुइगी बुफ्फॉनसारखा सतराव्या वर्षी पार्माच्या गोलात उभा राहणारा आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पार्मातच निवृत्त होणारा माणूस अपवाद, पण त्याच्या शेवटच्या टोकाचं वय तेवढं अपवादात्मक नाही. इजिप्तचा एसाम अल हदरी २०१८ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा विश्वचषकात खेळला आणि त्या सामन्यात त्याने पेनल्टी अडवली. सोव्हिएत संघाचा लेव याशिन आज दैवत आहे, पण सुरुवातीला तो डायनॅमो मॉस्कोत अलेक्सेई खोमिचच्या मागे होता. १९५० मध्ये मिळालेली संधी हुकल्यावर तो बर्फावरच्या हॉकीत गोल राखत राहिला. १९६३ मध्ये चौतिसाव्या वर्षी त्याला बलोन दोर हा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला. त्याआधी किंवा त्यानंतर दुसऱ्या कुठल्या गोलरक्षकाला तो मिळालेला नाही.

इटलीच्या दिनो झोफची कारकीर्द तर या विषयाचा पाठच आहे. चौदाव्या वर्षी इंटर आणि युव्हेंटस दोघांनीही उंची कमी म्हणून त्याला नाकारलं. १९६१ मध्ये उदिनेझेकडून पहिल्या सामन्यात त्याने फियोरेन्तिनाचे पाच गोल खाल्ले. मग मांतोवा, मग नापोली, आणि ज्या युव्हेंटसने नाकारलं होतं तिथे तो गेला तिसाव्या वर्षी. १९७२ ते १९७४ या काळात त्याने इटलीसाठी ११४२ मिनिटं गोल होऊ दिला नाही. १९७८ च्या विश्वचषकात नेदरलँड्स आणि ब्राझीलच्या लांबून मारलेल्या फटक्यांवर गोल झाले, तेव्हा छत्तीस वर्षांच्या झोफची नजर गेली, असं इटलीभर बोललं गेलं. चार वर्षांनी, ११ जुलै १९८२ ला, चाळीस वर्षांचा झोफ विश्वविजेत्या संघाचा कर्णधार होता. त्या स्पर्धेत ब्राझीलविरुद्ध अगदी शेवटी ऑस्करने डोक्याने मारलेला चेंडू त्याने गोलरेषेवर दाबून धरला. तो सुटला असता तर इटली बाहेर होती. नजर गेली असं ज्याच्याबद्दल म्हटलं गेलं होतं त्याने तो चेंडू धरला, एवढंच सांगून मला पुढे जायचं आहे.

मात्र एवढं वय टिकूनही हातातलं कसब कायमचं पुरत नाही. १९९२ मध्ये नियम बदलला आणि साथीदाराने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने धरायचा नाही असं ठरलं. एका नियमाने कीपरला पायही हवेत असं झालं. तो बदल आजही पूर्ण झालेला नाही. जो हार्ट हा इंग्लंडचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक होता, सिटीला दोनदा लीग जिंकून देणारा. २०१६ मध्ये पेप ग्वार्दिओला सिटीचा प्रशिक्षक म्हणून आला, त्याला गोलरक्षकाच्या पायातून खेळ सुरू व्हायला हवा होता आणि एकोणतिसाव्या वर्षी, गोलरक्षकाच्या ऐन उमेदीत, हार्टला तोरिनोला जावं लागलं. त्याचे हात काल होते तसेच होते, पण कामाची व्याख्या बदलली होती.

राहिली ती चूक. आघाडीच्या खेळाडूने तीन संधी दवडून चौथीवर गोल केला तर तो नायक. गोलरक्षकाने नऊ फटके अडवून दहावा सोडला तर दहावाच लक्षात राहतो. आणि ती चूक धुऊन काढायला त्याच्याकडे उपायही नाही, कारण तो गोल करायला क्वचितच जाऊ शकतो. तो फक्त पुन्हा उभा राहू शकतो, जर उभं राहू दिलं तर.

याचं उदाहरण गोव्यात सापडतं. गोव्याला गोलरक्षकांची जुनी परंपरा आहे. ताळगावचे ब्रह्मानंद सांखवळकर साळगावकर संघातून भारताचे कर्णधार झाले, त्यांना अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच भूमीतला लक्ष्मीकांत कट्टीमणी डेम्पोतून पुढे आला आणि एफसी गोवाचा गोलरक्षक झाला. २० डिसेंबर २०१५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर चेन्नईयिनविरुद्ध इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता, घरच्या लोकांसमोर. ८७ व्या मिनिटाला गोवा २–१ पुढे गेला. ९० व्या मिनिटाला चेन्नईयिनच्या हल्ल्यात चेंडू गोव्याच्याच गोलात गेला आणि तो स्वयंगोल कट्टीमणीच्या नावावर लागला. दोन मिनिटांत चेन्नईयिनच्या मेंडोझाने विजयी गोल केला. तीन मिनिटांत चषक गेला, आणि ज्याच्या नावापुढे तो स्वयंगोल लिहिला गेला तो गोव्याचाच मुलगा होता. अशा रात्रीनंतर गावात राहणं किती जड असतं, हे फुटबॉलवेड्या गोव्याला सांगायला नको.

कट्टीमणी खेळत राहिला. पुढे हैदराबाद एफसीत गेला. २० मार्च २०२२ ला पुन्हा अंतिम सामना होता, केरळ ब्लास्टर्सविरुद्ध आणि मैदान तेच, फातोर्डा. ८८ व्या मिनिटाला साहिल तावोरा या दुसऱ्या गोवेकराने बरोबरी केली आणि सामना १–१ वर पेनल्टी शूटआउटला गेला. बत्तीस वर्षांच्या कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबादने ३–१ ने शूटआउट जिंकून पहिल्यांदा चषक उचलला.

पुढच्या मोसमात हैदराबादच्या गोलात बरेच सामने तरुण गुरमीत सिंग उभा राहिला.